छोट्या पिस्तुलात पुंगळी फुगते: काडतूस कसं ओळखावं आणि दोष कसा शोधावा

तक्रार साधारण अशी असते. .३२ बोअरचं पिस्तूल, परवान्यावर घेतलेली काडतुसं. रेंजवर एक मॅगझिन रिकामं केलं आणि पडलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचं, उचलून पाहिल्या, तर बुडाच्या जरा वर फुगवटा. कधी एकाच बाजूला, कधी गोल कड्यासारखा, तर कधी पुंगळी उभी चिरलेली. मग पिस्तूल साफ केलं, नवा डबा आणला, काही दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. पुन्हा तेच होतं याचा अर्थ मूळ कारण हाती लागलेलं नाही. अशा वेळी सरळ स्प्रिंग बदलणं किंवा काडतुसांना दोष देणं ही घाई आहे. फुगवटा पुंगळीवर नेमका कुठे आहे, यावरून निम्म्याहून जास्त उत्तर मिळतं. पण त्याआधी काडतूस त्या पिस्तुलाचंच आहे याची खात्री लागते.

फुगवट्याची कड नखाला लागत असेल, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बाहेर आलेला किंवा भोक पडलेला असेल, पुंगळी चिरली असेल किंवा ओढून काढावी लागली असेल, तर त्या दिवशीचा गोळीबार तिथेच थांबवा. "अजून एक राउंड मारून बघू" हे इथे चालत नाही. पुंगळीचं पितळ फाटलं की गरम वायू मॅगझिनच्या वाटेने खाली आणि ग्रिपमध्ये शिरतो, आणि तिथे तुमचा हात असतो.

तपासणीआधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामं करा. हाच क्रम ठेवा. आधी स्लाइड ओढली तर मॅगझिनमधला वरचा राउंड चेंबरमध्ये जाऊन बसतो. चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. मोजमापासाठी लागतील तेवढीच नंतर आणा.

"७.६५" एवढं वाचून काडतूस ठरवू नका

आपल्याकडच्या घोटाळ्यांचं मूळ बहुतेक वेळा या आकड्यात असतं. .३२ एसीपी (कोल्टच्या ऑटोमॅटिक पिस्तुलाचं काडतूस या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणजे ७.६५ ब्राउनिंग, पुंगळीची लांबी १७ मि.मी. हे काडतूस १८९९ साली ब्राउनिंगच्या पिस्तुलाबरोबर आलं आणि आजही भारतीय परवान्यांवर सर्वांत जास्त दिसणारं पिस्तुलाचं काडतूस हेच. दुसरीकडे आयुध निर्माणीच्या .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस "७.६५ × २३" असं लिहिलं जातं. ते .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग आहे. पूर्णपणे वेगळं काडतूस, पण दोन्हींच्या नावात .३२ आणि ७.६५. शिवाय ७.६५ पॅराबेलम आणि ७.६५ फ्रेंच लाँग ही आणखी दोन आहेत. पॅराबेलमची पुंगळी गळ्याशी निमुळती होते, त्यामुळे ती पाहताक्षणी वेगळी कळते. फ्रेंच लाँग मात्र सरळ असतं आणि .३२ एसीपीपेक्षा जवळपास ५ मि.मी. लांब असल्याने त्या मॅगझिनमध्ये मावत नाही.

घरात रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही असतील तर धोका एका बाजूने जास्त असतो. रिव्हॉल्व्हरचं काडतूस ३२ मि.मी.च्या आसपास लांब असल्याने पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये बसतच नाही. पिस्तुलाचं काडतूस मात्र रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये सहज शिरतं, कारण दोन्हींच्या पुंगळीचा घेर जवळपास सारखा, सुमारे ८.६ मि.मी., आणि .३२ एसीपीला बारीक का होईना, रिम (बुडाची बाहेर आलेली कड) आहे. ते आत अडकून राहतं आणि फुटतंही. पण अमेरिकी मापदंडानुसार .३२ एसीपीचा कमाल दाब २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि .३२ लाँगचा १५,०००. म्हणजे जुन्या रिव्हॉल्व्हरला त्याच्या ताकदीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त दाब सोसावा लागतो. शिवाय पातळ रिममुळे पुंगळी मागे सरकून आदळते. आत बसतं म्हणून चालतं, असं धरू नका.

ओळखताना चार गोष्टी एकमेकींशी ताडा: स्लाइडवर किंवा नळीवर कोरलेला बोअर, परवान्यावरची नोंद, डब्यावरचं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचा शिक्का. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या पुंगळ्यांवर केएफ ही अक्षरं असतात. परदेशी मालावर .३२ एसीपी, .३२ ऑटो, ७.६५ ब्राउनिंग किंवा नुसतं ७.६५ बीआर असं काहीही असू शकतं, आणि ही चारही नावं एकाच काडतुसाची आहेत. .३२ कोल्ट न्यू पोलीस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच, म्हणून ते पिस्तुलाचं नाही. .३२ शॉर्ट कोल्ट आणि .३२ लाँग कोल्ट ही मात्र आणखी वेगळी कुळं आहेत. सुट्या, डब्याविना आलेल्या काडतुसांचा शिक्का वाचता येत नसेल तर ती बाजूला ठेवा आणि परवानाधारक विक्रेत्याकडे द्या.

वडिलोपार्जित हत्यारात आणखी एक अडचण येते. वेब्ली अँड स्कॉटची .३२ पिस्तुलं किंवा पहिल्या महायुद्धात स्पेनच्या आयबारमध्ये असंख्य छोट्या कारखान्यांनी बनवलेली रूबी पद्धतीची पिस्तुलं यांच्यावरचे शिक्के घासून गेलेले असतात. रूबीची मॅगझिनंही एकमेकांत बसत नाहीत. अशा वेळी नळीच्या तोंडाशी मोजून अंदाज करू नका. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून चेंबरचा साचा काढून घ्या. एकदाच करायचं काम आहे आणि त्यानंतर शंकेला जागा राहत नाही.

व्हर्नियरने काय मोजायचं

०.०२ मि.मी.चा साधा स्टीलचा व्हर्नियर किंवा डिजिटल कॅलिपर पुरे. चार मापं घ्या: पुंगळीची लांबी, पूर्ण काडतुसाची लांबी, रिमचा व्यास आणि गोळीचा व्यास. नवीन काडतुसाची मापं साधारण अशी येतात, यात कारखान्यागणिक थोडा फरक पडतो:

.२५ एसीपी (६.३५ ब्राउनिंग): पुंगळी १५.६, रिम ७.७, गोळी ६.४ मि.मी.
.३२ एसीपी (७.६५ ब्राउनिंग): पुंगळी १७.३, रिम ९.१, गोळी ७.९ मि.मी., पूर्ण लांबी जास्तीत जास्त २५.०
.३८० एसीपी (९ मि.मी. कुर्त्स): पुंगळी १७.३, रिम ९.५, गोळी ९.० मि.मी.
९ × १८ मकारोव्ह: पुंगळी १८.१, गोळी ९.२७ मि.मी.
.३२ एस अँड डब्ल्यू लाँग: पुंगळी २३.४, रिम ९.५, गोळी ७.९ मि.मी.

.३२ एसीपी आणि .३८० एसीपी यांच्या पुंगळीची लांबी तंतोतंत सारखी आहे, हे नीट लक्षात घ्या. लांबी मोजून हे दोघे वेगळे करता येत नाहीत. वाल्थर पीपीसारखं पिस्तूल तर दोन्ही बोअरमध्ये बनलं आहे आणि बाहेरून फरक कळत नाही. .३८० च्या पिस्तुलात .३२ गेलं तर एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) रिम धरून ठेवतो, प्रायमरवर आपटणारी फायरिंग पिन पोचते आणि राउंड फुटतो. साडेआठ मि.मी.ची पुंगळी साडेनऊच्या चेंबरमध्ये फुगायला निघते आणि पुष्कळदा फाटते. गोळी नळीत सैल खडखडत जाते आणि लक्ष्यावर आडवी लागते. तसंच .३८० काडतूस मकारोव्ह पिस्तुलात घातलं तर पुंगळी बुडापासून तोंडापर्यंत एकसारखी जाड होते आणि कागदावर गोळीचं भोक लांबट पडतं. सर्वांगाने जाड झालेली पुंगळी आणि लांबट भोकं एकत्र दिसली, की पिस्तुलाचा दोष शोधण्याआधी काडतूसच तपासा.

.२५ आणि .३२ एकाच कपाटात ठेवत असाल तर वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवा. .२५चं काडतूस .३२च्या चेंबरमध्ये पुढे घसरून अडकू शकतं. वरून चेंबर रिकामं वाटतं, मागून .३२चा राउंड येतो, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको.

पुंगळी वाचण्याची रीत

निदान पुंगळी आणि पिस्तूल यांच्या दिशेवर अवलंबून आहे. रिमवर एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची खूण असते आणि समोरच्या बाजूला इजेक्टरने (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या भागाने) मारलेली बारीक खूण. तुमच्या पिस्तुलात एक्स्ट्रॅक्टर कुठल्या बाजूला आहे ते पाहा, पुंगळी त्या हिशोबाने हातात धरा, आणि चेंबरमध्ये असताना तिची खालची बाजू कोणती ते ठरवून मार्करने रेघ ओढा. एका पुंगळीवर विसंबू नका, त्याच डब्यातल्या पाच-सहा तरी ठेवा. मग बुडापासून सारख्याच उंचीवर फिरवत चार दिशांनी व्यास मोजा.

आधी काय सामान्य आहे ते सांगायला हवं, कारण पुष्कळजण विनाकारण घाबरतात. ब्लोबॅक पिस्तुलात, म्हणजे ज्यात स्लाइड नळीशी अडकवलेली नसते त्यात, बुडाशी सगळ्या बाजूंनी ०.१ ते ०.२ मि.मी. वाढ होतेच. तोंडाशी एखादा पोचा पडतो, तो स्लाइडच्या कडेला आपटून बाहेर पडताना झालेला असतो. थोडी काजळीही असते. यात काही बिघडलेलं नाही.

*फुगवटा फक्त खालच्या बाजूला, बुडापासून तीन-चार मिलिमीटरवर.* हा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. भरीव बूड संपून पोकळ भिंत सुरू होते तिथेच फीड रॅम्पने (काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये चढवणाऱ्या उताराने) चेंबरचा खालचा भाग कापलेला असतो, त्यामुळे त्या जागी पितळाला आधार नसतो. बारीक, गुळगुळीत आणि दर पुंगळीवर एकसारखा असेल, वर्षानुवर्षे वाढत नसेल, तर ती त्या पिस्तुलाची घडण आहे. पण कुणी काडतूस अडकतं म्हणून रॅम्प कानशीने किंवा पॉलिश व्हीलने खोलवर घासला असेल, तर आधाराविना उरलेला भाग वाढतो आणि फुगवटा कड्यासारखा उठतो. त्यावर घरगुती इलाज नाही. घासलेलं लोखंड परत येत नाही, नळी बदलावी लागते. रॅम्पला आरशासारखी चकाकी आणण्याची हौस म्हणूनच टाळावी.

*फुगवटा चारही बाजूंनी, बुडाजवळ, पायरीसारखा.* राउंड पूर्ण आत बसण्याआधी फुटल्याची ही खूण. पुंगळीचा जो भाग चेंबरबाहेर होता तो फुगला, आतला तसाच राहिला, म्हणून मध्ये पायरी. कारणं चार. चेंबरमध्ये घाण किंवा गंज असल्याने राउंड शेवटपर्यंत गेला नाही. रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग, थकल्याने स्लाइडला बंद होण्याइतका जोर राहिला नाही. एक्स्ट्रॅक्टरखाली मळ साचला. किंवा स्लाइड उघडी असताना ट्रिगरचा हॅमरशी संबंध तोडणारा भाग, म्हणजे डिस्कनेक्टर, झिजला.

हे तपासणं सोपं आहे. रिकाम्या पिस्तुलाचं तोंड वर करा, स्लाइड साधारण एक सेंटिमीटर मागे ओढा आणि हाताने सावकाश पुढे जाऊ द्या. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर तिने स्वतः बंद व्हायला हवं. मध्येच थांबत असेल तर स्प्रिंग किंवा खाचांमधली घाण. मग स्लाइड हाताने तीन मिलिमीटर मागे धरून ट्रिगर दाबा. हॅमर पडता कामा नये. पडला तर ते पिस्तूल दुरुस्तीपर्यंत वापरायचं नाही. शेवटी स्लाइड काढा आणि एक राउंड बोटाने चेंबरमध्ये सोडा. पिन स्लाइडमध्येच असते, म्हणून हे बिनधोक आहे, तरी नळी सुरक्षित दिशेलाच ठेवा. राउंड टक आवाज करून बसला पाहिजे आणि नळी उलटी करताच आपोआप पडला पाहिजे. ढकलावा लागला तर पितळी ब्रशने चेंबर घासून पुन्हा पाहा.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. गोळी नळीत असताना ब्रीच, म्हणजे चेंबरचं मागचं तोंड, मुख्यतः स्लाइडच्या वजनाने धरलं जातं, स्प्रिंगचा त्यात वाटा थोडा. म्हणून जास्त कडक स्प्रिंग घालून फुगवटा जाईल असं समजू नका. त्याने उलट राउंड वर येण्याआधीच स्लाइड पुढे निघून जाते आणि नवी अडचण उभी राहते. मूळ मापाची नवी स्प्रिंग घ्या, तेवढं पुरे.

*प्रायमर चपटा, पिनच्या खड्ड्याभोवती उठलेली कड, बूड फाकलेलं.* हा जास्त दाब. आपल्याकडे याचं एक कारण इतकं नेहमीचं आहे की ते आधी तपासावं. परवान्यावर काडतुसं मोजकी मिळतात, म्हणून तोच राउंड रोज चेंबरमध्ये चढवायचा आणि रोज काढायचा, हे महिनोन्महिने चालतं. दर वेळी गोळीचं नाक रॅम्पवर आपटतं आणि ती पुंगळीत आत सरकते. .३२ची पुंगळी मुळात इवलीशी, आतली जागा थोडी, म्हणून गोळी जराशी आत गेली तरी दाब झपाट्याने वाढतो. त्या राउंडची लांबी डब्यातल्या न वापरलेल्या राउंडशी ताडून पाहा. अर्धा मिलिमीटर कमी भरली किंवा अंगठ्याने दाबल्यावर गोळी हलली, तर तो राउंड संपला असं समजा. रोज काढावा लागत असेल तर वरचा राउंड आळीपाळीने बदला आणि चढवलेल्यांवर मार्करने ठिपका द्या.

दुसरं कारण म्हणजे कुणीतरी पुन्हा भरलेली काडतुसं. शस्त्र कायदा १९५९ खाली परवान्याविना काडतूस भरणं गुन्हा आहेच, आणि त्यातली दारू किती व कसली हे बाहेरून कळायला मार्ग नाही. बुडावर केएफ आहे म्हणून आतला माल खडकीचाच असेल असंही नाही. प्रायमरभोवती ओरखडे किंवा तोंडाशी घासल्याच्या खुणा दिसल्या तर घेऊच नका.

*कडं पुंगळीच्या मध्यावर किंवा पुढच्या भागात.* मग चेंबरमध्येच खड्डा आहे. पुंगळी त्यात फुगते आणि काढताना अडकते. टॉर्चच्या उजेडात चेंबर व नळी पाहा. काळसर गोल सावली दिसली तर नळी तिथे आतून फुगलेली आहे. हे बहुतेक वेळा अर्धवट फुटलेल्या राउंडनंतर होतं: फुस्स असा दबका आवाज, स्लाइड हलली नाही, गोळी नळीत अडकली, आणि कुणीतरी हाताने स्लाइड ओढून पुढचा राउंड मारला. वाल्थर पीपी किंवा एफएन १९१० सारख्या, स्प्रिंग नळीभोवती असणाऱ्या पिस्तुलात नळी बाहेरून फुगली की स्लाइड त्या जागी घासते किंवा पूर्ण अडकते. आवाज दबका आला तर थांबा, हत्यार रिकामं करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. अडकलेली गोळी राउंड मारून उडवायची नसते, ती कारागिराने पितळी सळीने काढायची.

*उभी चीर, फुगवटा नाही किंवा नगण्य.* पितळ ठिसूळ झालं आहे. ब्रिटिश अमलात भारतीय सैन्याने पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं आपोआप तडकत असत. जनावरांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, तिन्ही मिळून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर अभ्यास झाला आणि नवी पुंगळी गरम करून ताण काढण्याची पद्धत रुळली. आजही गोठ्याशेजारच्या खोलीत किंवा अमोनिया असलेल्या साफसफाईच्या द्रवाजवळ काडतुसं ठेवू नका. तांबं काढणाऱ्या बोअर सॉल्व्हेंटमध्ये अमोनिया असतो, म्हणून नळी साफ करून कोरडी पुसल्याशिवाय राउंड भरू नका.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर आणखी दोन गोष्टी घडतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा पट्ट्यात महिनोन्महिने राहिलेल्या पितळावर हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात. ती चेंबरमध्ये अडकतात आणि वर सांगितलेला पायरीचा फुगवटा होतो. दुसरं, गंजाच्या भीतीने चेंबरला आणि काडतुसांनाही तेल चोपडलं जातं. तेलकट चेंबरमध्ये पुंगळीची भिंत धरत नाही, सगळा जोर मागे ब्रीचवर येतो. शिवाय पातळ तेल प्रायमरमध्ये झिरपून दबका राउंड होऊ शकतो. नळीला तेल हवं तर लावा, पण भरण्याआधी चेंबर सुक्या कापडाने पुसा. काडतुसं तर कोरडीच, मूळ डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. स्प्रिंग, साफसफाई आणि काडतुसांचा डबा तिन्ही एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. रेंजवर आधी मॅगझिनमध्ये एकच राउंड भरा, मारा, पुंगळी पाहा. ठीक असेल तर दोन भरा. दोन राउंड भरल्यावर राउंड चढण्याची चाचणीही होते. .३२ला अर्धी रिम असल्याने वरच्या राउंडची रिम खालच्याच्या मागे गेली तर मॅगझिनमध्ये दोन्ही अडकतात. आखूड पोकळ नाकाच्या गोळ्यांनी हे जास्त होतं, कारण मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा उरते. तो दोष पुंगळी फुगण्याचा नाही, पण त्यामुळे स्लाइड अर्धवट राहते आणि निदान भरकटतं.

कारागिराकडे जाताना पिस्तूल रिकामं आणि परवाना बरोबर हवा. दोषाच्या पाच-सहा पुंगळ्या, खालच्या बाजूची मार्करची रेघ असलेल्या, त्याच डब्यातला एक न मारलेला राउंड, डब्यावरचा लॉट क्रमांक आणि मोजलेले व्यास एका कागदावर लिहून द्या. पुंगळ्या धुवून चकचकीत करून नेऊ नका. काजळी किती वरपर्यंत गेली आहे, हेही त्याला पाहायचं असतं.